उत्तरेची खिडकी

आमच्या मास्तरांसमोर कुणी नुसतं 'लाल' म्हटलं की संपलं. हातातला चहाचा कप खाली ठेवून ते विचारायचे, "कोनता लाल? टमाटाना का कुकूना?" समोरचा गडबडून 'कुंकवाचा' म्हणाला, तर ओल्या कुंकवाचा की कोरड्या, हा पुढचा प्रश्न तयार असायचा. नुसता लाल, नुसता हिरवा, नुसता निळा असे रंग पहिलीच्या पुस्तकात असतात, जगात नसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. जगात डाळिंबाच्या फुलाचा लाल असतो, विटेचा लाल असतो, मार खाल्लेल्या कानाचा लाल असतो. हा शेवटचा त्यांनी एकदा खरोखरच एका साडीला दिला होता आणि ती साडी खपलीही होती.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. सुरतेत, पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये ते रंगमास्तर होते आणि मी त्यांच्या हाताखाली लॅबमध्ये. पार्टीने कापडाचा एक तुकडा नमुना म्हणून पाठवायचा आणि आम्ही ट्रकभर कापड हुबेहूब त्याच रंगात काढून द्यायचं, हा आमचा धंदा. मशीनवर माणसं पुष्कळ होती, पण तयार कापड नमुन्याशेजारी धरून 'जुळला' म्हणायचा हक्क एकट्या मास्तरांचा. तो शब्द त्यांच्या तोंडून निघेपर्यंत शेठसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसून असायचा.

मी तेव्हा नुकती बी.एस्सी. झालेली, नवागामच्या, म्हणजे सुरतेतल्या खानदेशी वस्तीतल्या, आमच्या गल्लीतली पहिली, त्यामुळे नाक जरा वरच असायचं. मास्तरही नवागामातच राहायचे, मूळचे अमळनेरकडचे. घरी आम्हीसुद्धा अहिराणीच बोलायचो, पण मिलमध्ये मास्तरांच्या अहिराणीला मी मुद्दाम पुस्तकी मराठीत उत्तर द्यायचे. ते त्याला 'तुनी रेडिओनी भाषा' म्हणायचे. मला मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून 'माय' म्हणूनच हाक मारली. आमच्याकडे लेकीबाळींनाही माय म्हणतात.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी छोटी कात्री असायची. दिसेल त्या कापडाची कतरण कापून घ्यायची, हा त्यांचा रोग होता. शिंप्याच्या दुकानासमोर ते वाकलेले दिसायचे. प्लेगच्या वर्षी सगळं नवागाम गावाकडे पळालं, तेव्हा स्टेशनवरच्या त्या रेटारेटीत त्यांनी पुढच्या माणसाच्या गाठोड्याची कतरण घेतली, असं काकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या. एका लग्नात तर ते नवरदेवाच्या फेट्याच्या शेमल्याला कात्री लावताना सापडले. वरपक्ष अंगावर धावून आला. मास्तर शांतपणे म्हणाले, "आतल्या बाजूनं लिधं. देखावं नही." आणि जेवायला बसले.

या कतरणी ते शाळेच्या एका जुन्या हजेरीपत्रकात चिकटवायचे. मुलांच्या नावांच्या रकान्यात रंगाचं नाव. 'बाजरीचं कणीस, सकाळचं.' 'तापीचं पाणी, उकाई धरणाचं सोडल्यावर.' 'शेठ रागावला.' असली नावं मी चोरून वाचायचे आणि घरी जाऊन आईला सांगायचे. आई म्हणायची, या माणसाला वेळ फार आहे.

वेळ त्यांना खरोखरच असायचा, कारण ते रंग फक्त उत्तरेच्या खिडकीत बघायचे, तेही अकरा ते तीन. उत्तरेच्या खिडकीतून ऊन थेट आत येत नाही, उजेड तेवढा येतो, आणि तो दिवसभर एकसारखा असतो. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग दुकानाबाहेर नेला की तोंड फिरवतो, हे खरंच आहे. पण मास्तरांचं सोवळं त्याहून कडक होतं. सूर्यावरून ढग गेला की ते दोन्ही हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसायचे. खाली ट्रक घरघरत असायचा, शेठ तीनदा माणूस पाठवायचा. मास्तर डोळे न उघडता म्हणायचे, "ढगले सांग, तुना शेठ बलावस."

अशा माणसाच्या खिडकीलाच एक दिवस काहीतरी झालं.

"माय, हाई काच खराब व्हई गई," ते म्हणाले. पांढरा कागद धरला तरी सायीसारखा दिसतो, म्हणाले. पांडेसऱ्यात धुराड्यांची काय कमी! बाजूच्या मिलचा धूर काचेवर बसला असणार, हे मलाही पटलं. काच साबणाने धुतली, मग कॉस्टिकने धुतली. तरी मास्तरांचं समाधान होईना. नवी काच बसवली. आठवडाभर बरी वाटली, मग तीही त्यांना पिवळी दिसू लागली. शेठने कुरकुरत तिसरी बसवली. मास्तर तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, आजकाल काचाच भेसळीच्या येतात.

मी मागेच उभी होते. मला काच स्वच्छ दिसत होती.

त्याच सुमारास माल परत येऊ लागला. सगळा नव्हे, फक्त निळा. मास्तर दोन निळ्या कतरणी शेजारी धरून 'जुळला' म्हणायचे आणि मला त्यातली एक हिरव्याकडे झुकलेली दिसायची, दुसरी जांभळ्याकडे. पहिल्यांदा वाटलं, माझंच चुकतंय. ज्या माणसाने मला रंग बघायला शिकवलं त्याच्यावर शंका घ्यायची तरी कशी? पण रिंग रोडच्या मार्केटातल्या व्यापाऱ्यांना अशी भीड नव्हती. ते लॉटच्या लॉट परत पाठवायचे.

रंगमास्तरचा डोळा म्हणजे त्याची सगळी कमाई. त्यात खोट आली हे एकदा बाहेर फुटलं की पांडेसऱ्यात त्याला कुणी दारात उभं करत नाही. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं असं नुसतं कळलं, तरी लोक दुसरा मास्तर बघतात. मास्तरांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच बहुतेक त्यांनी शंका काचेवर घेतली, धुरावर घेतली, डोळ्यावर कधीच घेतली नाही. त्यांना सांगायची माझी हिंमत नव्हती आणि शेठला सांगायची इच्छा नव्हती. मग मी एक उद्योग सुरू केला. कुठला रंग किती घालायचा याची मास्तरांनी लिहिलेली चिठ्ठी मशीनवर न्यायचं काम माझ्याकडे होतं. निळ्या रंगाची चिठ्ठी असली की जिन्यात थांबून त्यातला आकडा मी किंचित बदलायचे. माल परत येणं कमी झालं. मास्तर म्हणाले, बघ, तिसरी काच चांगली निघाली.

शहाण्णव सालच्या एप्रिलात शेठने मास्तरांना परदेशी पाठवायचं काढलं. शेठच्या साडूने कुणाबरोबर तरी भागीदारीत पेरू देशात, लीमा शहरात, रंगाईचा छोटा कारखाना टाकला होता आणि तिथली बसवाबसवी करून द्यायला अनुभवी माणूस हवा होता. पेरू या नावावरून जेवढे विनोद होण्यासारखे होते, ते सगळे पहिल्याच दिवशी होऊन संपले. भुसावळच्या पुढे कधी न गेलेले मास्तर एका ट्रंकेत कळण्याचं पीठ, ठेचा, दोन स्वेटर आणि रंगांच्या कतरणींचा जुडगा घेऊन निघाले. काकूंनी विमानतळावर जायचं नाकारलं. विमान उडताना बघवणार नाही, म्हणाल्या.

सहा आठवडे खिडकीत मी एकटी होते. एकही लॉट परत आला नाही.

शेवटच्या आठवड्यात शेठने मला बोलावलं. "बेन, मास्तर नथी, ने एक पण लॉट पाछो नथी आव्यो," तो म्हणाला. मग हिंदीत, म्हणजे सुरतेत जिला हिंदी म्हणतात त्या भाषेत, त्याने विचारलं, मास्तर आल्यावर त्यांना आरामाला घरी बसवतो, खिडकी तू सांभाळशील का? खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. चोवीस वर्षांची मुलगी, पांडेसऱ्यात रंगमास्तर! दुसऱ्या क्षणी स्वतःची लाज वाटली. मास्तर आल्यावर बोलू, असं सांगून मी सुटका करून घेतली.

जूनमध्ये मास्तर आले आणि पंधरा दिवस मिलमधला चहा त्यांच्याभोवतीच झाला.

पहिली गोष्ट त्यांच्या फजितीची. लीमात त्यांनी हट्टाने उत्तरेच्या खिडकीखाली टेबल मांडून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघतात तो ऊन थेट टेबलावर! पृथ्वीच्या त्या बाजूला सूर्य उत्तरेकडून जातो, हे भूगोलात शिकवतात, पण मास्तरांचा भूगोल भुसावळला संपत होता. "तठला सूर्यच उलटा शे," ते म्हणाले. टेबल उचलून दक्षिणेला नेलं, तर समुद्रावरून धुकं आलं आणि शहरावर बसलं ते बसलंच. ना ऊन, ना सावली. रंग बघायचा कशात? तेव्हा कारखान्यातला फिटर म्हणाला, उजेड बघायचा तर आमच्या गावाला चला. तिकडे डोंगरात हवा अशी, की पलीकडच्या कड्यावरचे दगड मोजावेत.

आठवड्याची सुट्टी काढून दोघे निघाले. एक अख्खा दिवस आणि त्यापुढे अर्धा दिवस बस नुसती चढत होती. मास्तरांचा श्वास लागला, डोकं ठणकू लागलं. फिटरने कसल्याशा पानांचा चहा पाजला. मग कुस्को गावाहून गाडी खाली उतरू लागली आणि समोर ती दरी आली. तळाशी नदी, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर, आणि डोंगरांना खालपासून वरपर्यंत दगडी पायऱ्या. पायऱ्या चढायला नव्हेत, एकेका पायरीवर शेत! "आपली मान्सं बांध कोरतस," मास्तर म्हणाले, "त्यास्नी डोंगर कोरी टाका."

पिसाक नावाच्या गावात बाजार भरला होता. बायका दगडी फरसबंदीवर विणलेल्या पासोड्या पसरून बसल्या होत्या. मास्तरांचा हात खिशाकडे गेला. फिटरने वेळीच मनगट धरलं, नाहीतर आमचे मास्तर तिकडेच राहिले असते. उरुबांबा गावात त्यांनी मका पाहिला, दाणा चिंचोक्यापेक्षा मोठा. हा दाणा त्यांनी खिशातून काढून दाखवला आणि चहाला जमलेल्या प्रत्येकाने तो हातावर तोलून पाहिला. ओयांतायतांबो नावाच्या गावात (हे नाव ते न अडखळता म्हणायचे, आम्ही अजून अडखळतो) गल्लीतून दगडी पन्हळीतून पाणी वाहत होतं, बारा महिने, स्वच्छ. जुन्या भिंतींचे दगड इतके घट्ट बसवलेले, की मास्तरांनी सांध्यात कतरण सारून पाहिली. गेली नाही. "आनि आपला नवागामनी गटार," एकजण म्हणाला, तेव्हा सगळे हसले.

"आणि उजेड?" मी विचारलं. "उजेड कसा होता?"

मास्तरांनी कप बशीत ठेवला. "चांगला व्हता," म्हणाले. "आभाय जरा मयकं व्हतं." आभाळ जरा मळकं होतं.

दोन दिवसांनी उधन्याच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आले. फिटरने काढलेले. हातोहात फिरत एक फोटो माझ्याकडे आला. मास्तर अंगणात एका म्हातारीशेजारी बसलेले, दोघांनी आपापले रंगलेले तळवे कॅमेऱ्यासमोर धरलेले. मागे बर्फाचा डोंगर आणि त्याच्या वर आभाळ, इतकं निळं, की मी तसं सुरतेत जन्मात पाहिलेलं नाही. कुणीतरी म्हणालं, मास्तर, आभाळ तर झक्कास आहे की! मास्तर म्हणाले, स्टुडिओवाले हल्ली रंग वाढवतात. सगळ्यांना ते पटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॅब रिकामी झाली, तेव्हा मास्तर खिडकीतून न उठता म्हणाले, "माय, दरवाजा लोटी दे. आठे बस."

त्यांच्या हातात लोकरीच्या धाग्याची एक छोटी लड होती. ही म्हातारीची गोष्ट त्यांनी चहावर कुणाला सांगितली नव्हती.

म्हातारी फिटरची आई. दरीच्या वर, चिंचेरो गावात तिचं घर, आणि घरात रंगाच्या हंड्या. ती तिच्या डोंगरी बोलीत बोलायची, मास्तर अहिराणीत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललं होतं. तिने निवडुंगावरचा एक किडा तळव्यावर चिरडला. लाल! त्यावर लिंबू पिळलं, तर रंग शेंदरी झाला. चिमूटभर राख टाकली, तर जांभळा होऊ लागला. मास्तरांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. आपण मिलमध्ये ॲसिड आणि सोडा घालून करतो, तेच ही बाई हाताच्या तळव्यावर करत होती! मग त्यांनी आपल्या कतरणींचा जुडगा काढला आणि खेळ सुरू झाला. मास्तरांनी कतरण ठेवायची, म्हातारीने तिच्या रंगाचा धागा शोधून शेजारी ठेवायचा. मग उलटं, तिने धागा ठेवायचा, मास्तरांनी कतरण. दुपार सरली तरी दोघं उठेनात.

"मंग तिनी हाऊ धागा ठेवा," मास्तर म्हणाले. त्यांनी लड माझ्यासमोर धरली. "मी काई कतरन ठेवी." काई म्हणजे काळी.

लड निळी होती. गडद, स्वच्छ निळी. काळी कतरण तिच्याशेजारी ठेवण्यासारखं तिच्यात काही नव्हतं.

म्हातारी हसली. तिला वाटलं, पाहुणा गंमत करतोय. तिने काळी कतरण उचलून परत दिली. मास्तरांनी पुन्हा तीच ठेवली. मग ती हसायची थांबली. उठली, मास्तरांची हनुवटी धरून त्यांचं तोंड आभाळाकडे केलं आणि त्यांच्या डोळ्यांत बराच वेळ बघत राहिली. नंतर ती लड तिने त्यांच्या मुठीत ठेवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

"तठे काच नव्हती, माय," मास्तर म्हणाले. "धूर नव्हता. मिल नव्हती. तरी आभाय मयकंच."

मी लड हातात घेऊन बघू लागले.

"कवयपाशीन सुधारी ऱ्हायनी तू मन्या चिठ्ठ्या?" कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

म्हणजे त्यांना तेही कळलं होतं! लीमाहून आल्यावर त्यांनी मशीनवरच्या जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या होत्या. रंग दिसत नसला तरी आकडे दिसत होते. "दीड वर्ष," मी म्हणाले, आणि माझी रेडिओची भाषा त्या दोन शब्दांतच संपली. मी रडायला लागले. "मास्तर, माले माफ करा." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मिलच्या रंगात बुडून त्या दिवशी तो हात मोरपंखी झालेला होता, मला आठवतं.

मला वाटलं होतं आता विचार करतील, काकूंशी बोलतील. ते सरळ उठले आणि शेठच्या केबिनमध्ये गेले. मी मागे धावले. दीड वर्षापासून निळा माल या पोरीने वाचवलाय, खिडकी हिची आहे, असं त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हता, पण व्यापारी होता. मान हलवून म्हणाला, बरं झालं मास्तर, तुम्ही आपणहून बोललात, आता आराम करा.

तेव्हा मला कुठून आवाज फुटला देव जाणे. मी म्हणाले, खिडकीत मी बसेन, पण मास्तर माझ्या डाव्या हाताला बसणार. मला फरक दिसतो, पण कुठला रंग किती वाढवला म्हणजे तो भरून निघेल, हे त्यांच्या डोक्यात आहे. ते नसतील तर मीही नाही. शेठने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "सारू," म्हणाला. शेठशी बोलायला मी आयुष्यात त्या एकदाच घाबरले नाही.

मग ऑपरेशनला काही अडसरच उरला नाही. लपवायचं होतं ते संपलं होतं. थंडीत त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला. महिन्याभराने काकूंचा डोळा चुकवून ते काळा गॉगल लावून मिलमध्ये हजर. वाजले होते साडेअकरा. मी खुर्ची सोडून उठू लागले, तर 'बस, बस' म्हणाले आणि डाव्या हाताच्या स्टुलावर बसले. गॉगल काढला. डोळ्यातून पाणी वाहत होतं, ते शर्टाच्या बाहीने टिपलं आणि खिडकीकडे बघितलं.

"काच कवय बदली?" त्यांनी विचारलं.

"तीच आहे, मास्तर. तिसरी."

त्यांनी काचेवर बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "फोटू काढ." मी ड्रॉवरमधून तो फोटो काढून दिला. तळवे, म्हातारी, डोंगर, आभाळ. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, जसा नमुना धरतात तसा, जरा तिरपा. खाली ट्रक घरघरत होता. त्या दिवशी त्याला कुणी घाई केली नाही.

"मी जाई उनू," मास्तर म्हणाले, "पन देखंच नही."

इतक्या लांब जाऊन आलो आणि पाहिलंच नाही. त्यांचा आवाज रडवेला नव्हता. साधाच होता, आणि त्यामुळे मला तो अजून ऐकू येतो.

मास्तरांनी ती दरी पुन्हा कधी पाहिली नाही. पुढे दुसराही डोळा झाला, पाच-सहा वर्षं ते माझ्या डाव्या हाताला बसले, मग गावी गेले आणि तिकडेच वारले. काकूंनी हजेरीपत्रक माझ्याकडे पाठवून दिलं. त्या दरीतून आणलेल्या कतरणींचं पान शेवटाकडे आहे. पिसाकच्या बाजारातून त्यांनी एक कतरण कापलीच होती, हे चहावर त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे लिहिलंय, 'फिटरचं लक्ष नव्हतं'. तळव्यावरच्या लालापुढे, शेंदरीपुढे त्यांची ती नेहमीची लांबलचक नावं आहेत. म्हातारीची लड सगळ्यात खाली चिकटवलेली आहे. तिच्यापुढचा रकाना त्यांनी परत आल्यावर कोरा सोडला होता, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. तो त्यांनी नंतर, डोळा झाल्यावर, भरला, शाईही वेगळी आहे. कुठला निळा, कशाचा निळा, कधीचा, काही नाही. पहिलीच्या मुलाने काढावं तशा मोठ्या, जपून काढलेल्या अक्षरांत एवढंच लिहिलंय, 'निळा'.